अथर्वच्या खोलीतला आवाज

वसुंधराच्या कुकरच्या शिट्ट्या नेहमी हुकायच्या. डाळ लगदा व्हायची, बटाटे फुटायचे, आणि प्रभाकर ताटावर बसल्यावर म्हणायचा, "आज काय, सूप केलंयस?" पण अथर्वच्या खोलीतलं बोलणं तिच्या कानातून कधी निसटलं नाही. ओट्याकडे हात आणि खोलीकडे कान, असा तिचा दिवस जायचा.

खोलीत बोलायचा तो अथर्वचा लॅपटॉप. अथर्व तिचा एकुलता एक मुलगा, विशीतला, पनवेलच्या कॉलेजात राज्यशास्त्र घेऊन बी.ए. करणारा. त्याला डोळ्यांच्या पडद्याचा आजार आहे हे सातवीत असताना कळलं, आणि तळोज्याच्या औषध कंपनीच्या प्रयोगशाळेतली नोकरी वसुंधराने त्याच महिन्यात सोडली. आधी त्याचं रात्रीचं दिसणं गेलं, मग बाजूचं, आणि गेल्या वर्षी पुस्तकातली अक्षरं गेली. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात तो भिंतीकडे तोंड करून पडून असायचा. जेवायला हाक मारली की "ठेव" म्हणायचा, आणि ताट तसंच परत यायचं. त्या दिवसांत वसुंधरा दाराला कान लावून उभी राहायची. आतून श्वास ऐकू आला की कामाला लागायची, आणि थोड्या वेळाने पुन्हा येऊन उभी राहायची.

कॉलेजातल्या एका सरांनी सुचवल्यावर प्रभाकरने ऑफिसातून निकालात काढलेला एक जुना लॅपटॉप आणला. त्यात स्क्रीनवरचं सगळं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर घातलं. एके सकाळी वसुंधरा पीठ चाळत असताना खोलीतून एक खणखणीत, बिनभावनेचा बाईचा आवाज आला आणि त्या दिवशीच्या बातम्या वाचू लागला. चाळणी हातात धरून ती तिथेच फरशीवर बसली. मुलगा जगात परत आला होता.

हळूहळू अथर्वने त्या बाईचा वेग वाढवत नेला. घरी आलेल्यांना ते नुसतं टरटर वाजल्यासारखं वाटे. वसुंधराला मात्र शब्दन् शब्द कळे. तो कोणतं प्रकरण वाचतोय, कुठे अडखळून पुन्हा मागे गेला, कुणाचा निरोप आला, सगळं. एकदा तर भाजी परतता परतता तिने स्वयंपाकघरातून ओरडून सांगितलं होतं, "अरे, मितालीला म्हणावं, त्या नोट्स निळ्या फाइलमध्ये आहेत!" मिताली त्याच्या वर्गातली मुलगी. तिने नोट्सबद्दल विचारल्याचं लॅपटॉपने नुकतंच वाचलं होतं. लॅपटॉपमधला आवाज एकदम थांबला. मग अथर्व म्हणाला, "थँक्यू, आई." त्या थँक्यूत काहीतरी होतं, पण भाजी करपत होती, आणि तिने ते मनावर घेतलं नाही.

जुना लॅपटॉप दर तासाला अडकायला लागला तेव्हा दसऱ्याच्या मुहूर्तावर नवा आणायचं ठरलं. दसऱ्याला सकाळी वसुंधराने हॉलमध्ये पाट मांडला, भोवती रांगोळी काढली, आणि घरातल्या सगळ्या कामाच्या वस्तूंना पाटावर किंवा पाटाशेजारी जागा दिली. तिचं शिलाई मशीन, मिक्सर, प्रभाकरचा स्क्रूड्रायव्हरचा डबा, अथर्वची पांढरी काठी. काठीला तिने वरपासून खालपर्यंत कुंकवाची बोटं ओढली.

"काठीला पण?" अथर्व हात फिरवत म्हणाला. "ओलं लागतंय. किती लावलंयस?"

"बेताचंच."

"बाबा, खरं सांगा."

"रस्त्यात कुणाला बडवून आलास असं वाटेल," प्रभाकर म्हणाला.

हसणं झालं. मग लॅपटॉपची पाळी आली. तो उघडून पाटाच्या मधोमध ठेवला.

"स्क्रीनला हात लावू नकोस हं वसू," प्रभाकरने बजावलं. "डाग पडेल."

"कीबोर्डलाही नको," अथर्व म्हणाला. "बोटांना चिकटतं."

मग लावायचं कुठे? कीबोर्डच्या दोन्ही अंगांना बारीक बारीक ठिपक्यांच्या पट्ट्या होत्या. जाळीदार, सुबक. वसुंधराला वाटलं, शोभेसाठी काढलेली नक्षी असेल. शिवाय दोन बाजूंना दोन, म्हणजे देवाच्या दाराला लावतो तसं होईल. तिने पाण्यात कालवलेल्या कुंकवाची दोन ठसठशीत स्वस्तिकं त्या पट्ट्यांवर काढली, वर हळद टेकवली, अक्षता वाहिल्या, आपट्याचं पान ठेवलं आणि झेंडूच्या फुलाने पाणी शिंपडलं. "माझ्या लेकाला डोळ्यांसारखी साथ दे," असं मनात म्हणून हात जोडले. दुपारी नैवेद्य झाल्यावर ओल्या फडक्याने सगळं स्वच्छ पुसून घेतलं, चांगलं दाबून दाबून, डाग राहू नये म्हणून.

संध्याकाळी लॅपटॉपमधल्या बाईला पडसं झाल्यासारखं वाटू लागलं. 'स' आणि 'श' आले की फर्रकन फाटायचे. दुसऱ्या दिवशी डावीकडून नुसती खरखर यायला लागली. आठवडा उलटायच्या आत बोलणं ओळखू येईनासं झालं. बंद डब्यात माशी अडकावी तसं काहीतरी आत घोंघावत राही.

"पीसच खराब लागला," वसुंधरा म्हणाली. "नवीकोरी वस्तू, आणि आवाज हा असा!"

अथर्वने कपाट चाचपलं, जुने हेडफोन काढले, कान पूर्ण झाकणारे, आणि वायर जोडून बसला. "यात एकदम मस्त ऐकू येतंय," तो म्हणाला. त्याच्यापुरता विषय संपला.

घर मात्र गप्प झालं. खाली कळंबोलीकडे जाणाऱ्या ट्रकांचे हॉर्न वाजत, शेजारचं मूल रडे, वरच्या मजल्यावर कुणी खुर्ची सरकवी. खोलीतून काहीच येत नसे. पहिल्या दिवशी वसुंधराला नुसतंच चुकल्या-चुकल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवसापासून तिला तो उन्हाळा आठवायला लागला. तेव्हाही अशीच शांतता होती. तो वाचतोय की नुसता बसलाय? बसलाय की पडलाय? भिंतीकडे तोंड करून?

ती काही ना काही निमित्त काढून खोलीत जाऊ लागली. धुतलेले कपडे ठेवायला, पंखा कमी करायला, खिडकी उघडायला, तीच खिडकी लावायला. अथर्वला ती आलेली ऐकू येत नसे आणि दिसत तर नसेच. तिने खांद्याला हात लावला की तो दचके. एकदा ती चहाचा कप पुढे करत असताना तो दचकून वळला, आणि अख्खा कप त्याच्या मनगटावर सांडला.

नळाखाली त्याचा हात धरून ती म्हणाली, "एक कान तरी मोकळा ठेवत जा रे."

"दोन्ही कानांनी नीट कळतं, आई."

"अगं, दार वाजवून जात जा," प्रभाकर म्हणाला.

"वाजवलेलं ऐकू कुठे येतंय त्याला? काहीतरी बोलता तुम्ही."

"मग जाऊ नकोस सारखी."

प्रभाकर सकाळी बेलापूरच्या ऑफिसला जायचा तो दिवेलागणीला परत यायचा. उन्हाळ्यात दाराला कान लावून तो उभा राहिला नव्हता.

तिने कंपनीच्या तक्रार नंबरवर फोन लावला. बराच वेळ संगीत वाजल्यावर एक मुलगी बोलली.

"मॅम, आपने रीस्टार्ट करके देखा?"

"देखा."

"ड्रायव्हर अपडेट किया?"

"सब किया, बेटा. आवाज फट रहा है."

"तब तक आप हेडफोन यूज कर सकते हैं, मॅम."

"वही तो नहीं चाहिए!" वसुंधरा इतक्या जोरात म्हणाली की पलीकडची मुलगी गप्पच झाली.

लॅपटॉप सर्व्हिस सेंटरला जमा करावा लागेल, आठ-दहा दिवस लागतील, असं उत्तर मिळालं. वसुंधराने ते अथर्वला सांगितलं तेव्हा त्याने हेडफोन उतरवून गळ्यात घेतले.

"आठ-दहा दिवस मी काय करू? परीक्षा तोंडावर आहे."

"जुना आहे ना."

"जुना उघडतसुद्धा नाही. आई, माझं काही अडलेलं नाही. तक्रार मागे घे."

"नवी वस्तू बिघडलेली तशीच ठेवायची? वॉरंटी कशाला असते?"

"तुला वॉरंटीचं पडलंय का?" त्याने विचारलं. त्याची नजर तिच्या चेहऱ्याच्या थोडी बाजूला लागलेली होती. वसुंधराला एकदम वाटलं, याला आपलं सगळं दिसतंय. ती उठून आत गेली. तक्रार मात्र तिने मागे घेतली नाही. मुलगा अंध आहे, लॅपटॉपशिवाय त्याचं चालत नाही, माणूस घरीच पाठवा, असं चार वेळा चार जणांना सांगून तिने ते मान्य करून घेतलं. मुलाबद्दल अंध हा शब्द तिने परक्या माणसापुढे पहिल्यांदाच वापरला होता. फोन ठेवल्यावर तिला घटाघटा पाणी प्यावं लागलं.

कंपनीतून आला तो धनेश, खारघरच्या कडेच्या ओवे गावातला, पाठीवर सॅक आणि गळ्यात ओळखपत्र. बोलका होता. बूट काढता काढताच त्याने सोसायटीच्या पार्किंगला नावं ठेवली, पाणी मागितलं, आणि हॉलमधल्या टेबलावर लॅपटॉप उलटा करून स्क्रू काढायला घेतले. अथर्व शेजारच्या खुर्चीत बसला होता, हात मांडीवर घट्ट जुळवून. आपलं पोर डॉक्टरच्या टेबलावर असल्यासारखी वसुंधरा समोर उभी होती.

झाकण निघालं. धनेशने आत बॅटरीचा प्रकाश टाकला, वाकून बघितलं, आणि एकदम हसला.

"काकू, दसऱ्याला पूजा केली काय?"

"हो, का?"

"मंग काय! आत सगला मळवट भरलाय. ह्यो बघा."

दोन्ही बाजूंच्या छोट्या काळ्या डब्यांवर लाल चिखल वाळून बसला होता. एका भेगेत तांदळाचा अख्खा दाणा अडकला होता.

"पण मी तर नक्षीवर..." वसुंधरा बोलता बोलता थांबली.

"नक्षी नाय, काकू, आवाज यायची भोकं हायेत ती. पानी आत गेलं, त्याच्यासंगं कुंकू गेलं. आमच्या घरी तर जेसीबीला नारल फोडतात, डंपरला हार घालतात. पन त्यांना असं नाजूक काय नस्तं."

अथर्वच्या ओठांच्या कडा हलल्या. "आई, तू त्याला पुसलंही असशील. ओल्या फडक्याने."

"दाबून दाबून," वसुंधरा पुटपुटली. इतके दिवस ती दुकानाला, कंपनीला, त्या फोनवरच्या पोरीला बोल लावत होती. रसायनशास्त्राची पदवी घेतलेली बाई, प्रयोगशाळेत काचेच्या नळीला ओला हात लावू न देणारी. लेकाचे डोळे म्हणून आणलेल्या वस्तूच्या तोंडात तिनेच बोळा कोंबला होता.

"आत काय सांडलेलं दिसलं तर आमी वॉरंटीत धरत नाय," धनेश म्हणाला, "पन साफ करून बघतो. चालला तर चालला." त्याने बारीक ब्रश काढला, कसलंसं द्रावण लावून कोरायला लागला. उजवीकडचा डबा बऱ्यापैकी निघाला. डाव्याच्या आतला कागदासारखा पडदा फाटला होता. तो बदलायलाच लागेल, पार्ट मागवावा लागेल, असं तो म्हणाला. मग त्याने तळाचं झाकण नुसतं टेकवलं, लॅपटॉप सुलटा केला, हेडफोनची वायर उपटली आणि चालू करून आवाज पूर्ण वाढवला.

अथर्वने सकाळी काहीतरी वाचता वाचता तो तसाच मिटला होता. खणखणीत बाई तिथूनच पुढे सुरू झाली, आणि तिचा आवाज हॉलभर घुमला. त्या भरधाव बोलण्यातलं धनेशला काही कळलं नाही. वसुंधराला सगळं कळलं.

"मिताली. आज. काल रात्रीसारखं पुन्हा झालं तर एकटा बसू नकोस. कितीही वाजले असू देत, फोन कर."

अथर्वचा हात टेबलावर धावला, पाण्याच्या पेल्याला लागला, मग लॅपटॉपला. त्याने झाकण खाडकन मिटलं.

"आरं, सावकास!" धनेश म्हणाला. "अजून स्क्रू लावले नाय."

"काल रात्री काय झालं?" वसुंधराने विचारलं.

"आई, नंतर."

"काय झालं अथर्व? मला काही ऐकू आलं नाही. मी जागीच तर होते."

"हेच," अथर्व म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. "हेच मला नको होतं. वर्षभर मी काय वाचतो, मला कोण काय लिहितं, सगळं तू ऐकतेस. मी ओळ खोडली की तुला कळतं, तेवढ्यात तू लाडू घेऊन येतेस. स्पीकर बिघडला तेव्हा मला, खरं सांगू, बरं वाटलं. पहिल्यांदा वाटलं, मला माझी खोली आहे."

धनेश स्क्रू चाचपण्यात एकदम गढून गेला.

"काल रात्री काय झालं ते सांग," वसुंधरा म्हणाली. तिला दुसरं काही सुचतच नव्हतं.

"रडलो. झालं? समोरचं जे थोडं दिसायचं, तेही कमी झाल्यासारखं वाटलं, आणि घाबरलो. मितालीशी बोललो. ती वेड्यासारखं काहीबाही बोलत राहिली. मग झोपलो. तुला सांगितलं असतं तर मला झोप लागली असती आणि तू रात्रभर बसली असतीस."

ते खरंच होतं. ती खुर्चीत बसली. दिसणं कमी झालं हे आपल्याला आधी कळायला हवं होतं, ही एक गोष्ट. ते आपल्या कानाआड दुसऱ्या कुणाला तरी कळलं, ही दुसरी. यातली कोणती अधिक लागली, हे तिला सांगता आलं नसतं.

धनेशने स्क्रू बसवले. घसा साफ केला. "काकू, मंग डाव्या अंगाचा पार्ट मागवू काय? तुमी सांगा तसं करतो."

'हो' तिच्या ओठांवर आलं होतं. दोन्ही बाजूंनी खणखणीत, घरभर ऐकू येणारा आवाज. कुकर लावताना कळेल की तो वाचतोय. उन्हाळा परत यायला लागला तर आधी कळेल. तिच्या हातात एवढंच तर होतं. या एका आवाजावर ती वर्षभर जगली होती.

"त्याला विचारा," ती म्हणाली. "त्याचा लॅपटॉप आहे."

धनेशने अथर्वकडे बघितलं.

"नको," अथर्व म्हणाला. "एक बाजू चालतेय, तेवढी पुरे. थँक्यू, दादा."

धनेश गेला. टेबलावर लाल भुकटी सांडली होती. वसुंधराने ती बोटाने गोळा केली, आणि मग कुठे टाकावी हे न कळून तशीच चिमटीत धरून बसली.

"मला कळणार कसं?" शेवटी तिने विचारलं.

"काय कळणार?"

"तू बरा आहेस ते."

"मी सांगेन," तो म्हणाला.

"उन्हाळ्यात सांगितलं होतंस?"

"नाही." तो हेडफोनची वायर बोटाभोवती गुंडाळत, सोडत राहिला. "मितालीचा नंबर घेऊन ठेव. मी तिला सांगतो, कधी खरंच तसं वाटलं तर तिने तुला फोन करायचा. पण तू तिला रोज करायचा नाहीस."

"रोज कशाला करीन?"

"आई."

"बरं. नाही करणार."

"आणि खांद्याला हात लावू नकोस. जीव जातो माझा."

"मग हाक कशी मारू? ऐकू तर येत नाही तुला."

तो विचारात पडला. "दिव्याचं बटन दाबत जा. दोनदा. उजेड झाला-गेला तेवढं कळतं मला अजून."

वसुंधराने मान डोलावली, मग त्याला ते दिसलं नसेल हे लक्षात येऊन "बरं" म्हणाली. 'अजून' हा शब्द तिने ऐकला होता. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे कधी जायचं, एवढंच तिने विचारलं. डॉक्टरांची वेळ घ्यायला तो स्वतःच संध्याकाळी फोन करणार होता, तसं त्याने कबूल केलं, आणि लॅपटॉप उचलून, भिंतीला हात लावत, आपल्या खोलीत गेला.

संध्याकाळी तिने कुकर लावला. खोलीतून काही ऐकू येत नव्हतं. तीन शिट्ट्या तिने नीट मोजल्या आणि गॅस बंद केला. प्रभाकर यायला अवकाश होता. ओटा पुसून झाला, मग तोच ओटा पुन्हा पुसून झाला. कुकरच्या आवाजात डॉक्टरांना फोन लावला असेल का याने? ती खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली.

दार उघडंच होतं. अथर्व पाठमोरा बसला होता, कानावर हेडफोन, बोटं कळांवर ठेवलेली, पण हलत नव्हती. खोली अंधारत चालली होती आणि त्याला त्याचं काहीच नव्हतं. वसुंधराने बटनावर हात ठेवला. काय सांगायला आले म्हणू? तिने निमित्त शोधलं, सापडलं नाही, आणि तरी बटन दाबलं. उजेड पडला, गेला. पुन्हा पडला, गेला.

अथर्व वळला नाही.

ती तशीच उभी होती, बोट बटनावर. पुन्हा दाबायचं तिचं धाडस होईना. मग त्याने एक कळ दाबली, हेडफोन मागे सरकवले आणि मान दाराकडे फिरवली.

"परिच्छेद पुरा करत होतो," तो म्हणाला. "काय गं?"

"चहा ठेवू का, विचारायला आले."

"ठेव," तो म्हणाला. "आणि डॉक्टरांनी शुक्रवारी बोलावलंय. मी आणि मिताली जाऊ. तुला यायचं असेल तर ये."